बिनखिळ्याचं घर

मिस्त्री सर कोणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघत. सांधे, खिळे, आडव्या पट्ट्या, सगळं नजरेखालून घालत, मग खुर्ची सरळ करून तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवत आणि बसत. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात, वरूडला, त्यांनी नवरदेवाची खुर्ची अशीच उलटी केली होती. नवरदेव तेव्हा फोटोसाठी उठला होता म्हणून बरं. सासरच्या मंडळींनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हणालो, आमच्याच शाळेत आहेत, पण माझी तशी फारशी ओळख नाही. तेव्हा आम्हाला शेजारी राहून नऊ वर्षं झाली होती आणि लग्नाला त्यांना मीच आग्रहाने आणलं होतं.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. अमरावतीच्या आमच्या शाळेत ते मुलांना सुतारकाम शिकवत, म्हणून शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचे ते मिस्त्री सर. मूळचे परतवाड्याचे. वडील आणि आजोबा सागवानात काम करून गेलेले. सरांच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी आणि कानावर पेन्सिल कायम. ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन आले, अंगात कडक इस्त्रीचा कुडता, तरी कानावर पेन्सिल होतीच. माझी बायको हसली, तर म्हणाले, "वयनी, टोपी इसरली तं चालन, पेन्सिल नाई."

कागदही ते आधी पालथा करूनच वाचत. परिपत्रक असो, लग्नपत्रिका असो की एसटीचं तिकीट. "पुढून तं सारंच खुबसूरत रायते जी," ते म्हणत, "मांगून पाहा." त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य खिळ्याचं, जे ते प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या तासाला सांगत: "खिया ठोकाले अक्कल लागत नाई, काहाडाले लागते."

मी त्याच शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचो. ते मला 'प्रोफेसर साहेब' म्हणत आणि मी ते खरं धरून चालायचो. अकरावीच्या पुस्तकात विम्यावर एक अख्खा धडा होता. विम्याची तत्त्वं मी मुलांकडे पाठ करून, एका दमात, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायचो. मुलं थक्क व्हायची, किंवा झोपलेली असायची. पाठ असल्यामुळे मला ते कधी दिसलं नाही.

आमच्या शाळेतल्या बारा जणांनी मिळून एक छोटी वसाहत उभी केली होती. एकच नकाशा, एकच ठेकेदार. माझं आणि मिस्त्री सरांचं घर जोडघर होतं, मधली भिंत सामाईक. कर्जही आम्ही एकाच दिवशी, एकाच संस्थेकडून घेतलं. तिची कचेरी अकोल्याला. आमच्या पदरचे पैसे थोडे होते, म्हणून संस्थेने कर्जासोबत 'हमी विमा' नावाचा एक कागद सह्यांसाठी पुढे केला. त्याचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जाणार होता. मी झोकात सही ठोकली. घरी येऊन बायकोला सांगितलं, "आता काळजी सोड. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर विमावाले कर्ज फेडतील, घर तुझं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तिने पुरणपोळी केली होती आणि मी तीन खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात शिक्षकखोलीत मी हीच हकिगत रंगवून सांगत होतो. मिस्त्री सर कोपऱ्यात एका स्टुलाचा पाय तपासत बसले होते.

"प्रोफेसर साहेब, तुमी मेले तं पैसे कोनाले भेटन?"

"बायकोला. म्हणजे तिच्या वतीने—"

"कागद पालथा करा."

माझ्याकडे कागद नव्हता. त्यांच्याकडे होता, फूटपट्टीच्या घडीत. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अटी होत्या. सरांनी पेन्सिलचं टोक एका ओळीवर ठेवलं आणि समजावून सांगितलं, जसं ते मुलांना रंधा कसा धरायचा ते सांगत.

"तुमी हप्ते बुडवले, पयून गेले, घर इकूनई संस्थेचे पैसे निंघाले नाई, तं हे पैसे संस्थेले भेटन. तुमच्या घरच्याईले छदाम नाई. म्हंजे हा आपला इमाच नाई. आपल्यावर भरवसा नाई याचा इमा हाय हा. अन् त्याचा हप्ता कोन भरून राह्यलं? आपुनच!"

सगळी शिक्षकखोली माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ते मला माहीत होतंच, मी फक्त सोपं करून सांगत होतो. घरी मात्र मी ही दुरुस्ती पुढची सहा वर्षं सांगितली नाही. पुरणपोळ्या खाऊन झाल्या होत्या.

मला ती गोष्ट दोन दिवस लागली आणि मग मी विसरलो. त्यांना ती लागली ती लागलीच. एकोणतीस वर्षं नोकरी, एकदाही उशिराचा शेरा नाही, किराणावाल्याकडे उधारी नाही, आणि दर महिन्याला पगारपत्रकावर एक ओळ छापून येते, की या माणसाच्या पळून जाण्याची सोय करून ठेवली आहे. "लोकं मले सलाम करते, अन् कागद मले चोर म्हन्ते," ते म्हणत. हे बोलताना त्यांचा आवाज चढत नसे. ते फूटपट्टी उघडत आणि मिटत बसत.

त्या मागच्या अटींमध्ये अकरावी अट सुटकेची होती. कर्जाची बाकी घराच्या चालू किमतीच्या एक-पंचमांशावर आली, मागचे हप्ते वेळेवर भरलेले असले आणि कर्जदार नोकरीत असला, तर त्याने लेखी अर्ज करावा. संस्था घराचं मूल्यांकन करून हमी विमा रद्द करेल. आपोआप काही होणार नाही. अर्ज केला नाही, तर कर्ज संपेपर्यंत विम्याचा हप्ता चालूच. सरांनी ही अट पाठ केली आणि एक पण केला: संस्था जोवर ही हमी काढत नाही, तोवर या घराच्या भिंतीत आपण खिळा मारायचा नाही.

सुताराच्या घरात! मी जाऊन जाऊन पाहिलं आहे. घड्याळ लोखंडी पेटीवर टेकवलेलं. कॅलेंडर टेबलावर आडवं, त्यामुळे तारीख बघायला वाकावं लागे. कपडे खुर्च्यांच्या पाठींवर. त्यांच्या बायकोचा, म्हणजे भाभींचा, आरसा शिलाई मशीनवर भिंतीला टेकवून ठेवलेला. त्यात त्यांना एक तर कपाळ दिसे, नाही तर हनुवटी. भाभी माझ्या बायकोला म्हणत, "साऱ्या अमरावतीच्या पोट्ट्याईले कपाटं बनवाले शिकवते, अन् माह्या घरात एक कपडा टांगाले जागा नाई." सर ऐकून घेत. "संस्थेले आपल्यावर भरवसा नाई, तं आपुन काहून तिच्या भिंतीत घर करावं?" असं त्यांचं उत्तर.

माझ्या बाजूला उलट प्रकार होता. मी दिसेल त्या भिंतीत खिळे ठोकत सुटलो होतो. शोकेस, फळ्या, देवघर, बायकोच्या माहेरच्यांच्या फोटोंची रांग. एकदा सामाईक भिंतीत मी पाच इंची खिळा ठोकला. भिंत चार इंचांची आहे हे मी विचारात घेतलं नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री सर दारात उभे.

"प्रोफेसर साहेब, तुमचा खिया आमच्याकडं आला."

"मग आत ढकला ना!"

"कसा ढकलू? खिया तुमचा, भीत संस्थेची. म्या हात लावनार नाई."

मग मीच त्यांच्या घरी जाऊन तो खिळा हातोडीने मागे परतवला. ते शेजारी उभे राहून मला हातोडी कुठे धरायची ते सांगत होते. खिळा काढायला खरंच अक्कल लागते. मला पाऊण तास लागला.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. कापसाला भाव नाही, जिनिंग एकेक करून बंद पडलेले, वर्गातली मुलं सहामाहीनंतर दिसेनाशी व्हायची. पूर्वी खेड्यावरून येऊन शहरात प्लॉट घेणारी माणसं होती, ती येईनाशी झाली. आमच्या वसाहतीतलं एक घर दोन वर्षं विकायला होतं आणि त्याच्या पाटीवरचा फोन नंबर उन्हाने उडून गेला होता. या सगळ्याचा आपल्या घराच्या किमतीशी संबंध असतो, हे मागणी-पुरवठा शिकवणाऱ्या माझ्या ध्यानात आलं नाही.

सर जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी हिशोब मांडून दाखवला, की बाकी एक-पंचमांशावर आली. नोकरीत असतानाच अर्ज करायचा होता. जून उलटला, की अकरावी अट बंद आणि पुढची सगळी वर्षं तो अविश्वास पेन्शनमधून भरायचा. अर्ज लिहायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी चार पानी अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन' पासून सुरुवात, मध्ये दोन संस्कृत वचनं. त्यांनी तो पालथा करून बघितला, मागे कोरा आहे याची खात्री केली, मग फूटपट्टी लावली.

"वीतभर पाह्यजे," ते म्हणाले. "लंबा अर्ज म्हंजे मानूस भिऊन राह्यला असा अर्थ होते."

वीतभर केला. सहीच्या जागी त्यांनी तीन वेळा पेन टेकवून उचललं आणि मग सही केली. मी गंमत म्हणून तसाच एक अर्ज स्वतःच्या नावानेही लिहून टाकला. मुद्दाम सांगतो, गंमत म्हणून. माझी बाकी किती आहे, हे मला माहीतच नव्हतं.

दोघं बसने अकोल्याला गेलो. संस्थेच्या कचेरीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. सरांनी आधी समोरची खुर्ची उलटी केली. बाईंनी पाहून घेतलं. अर्ज वाचून त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमी दोन वर्सांपासून बसता की यात. तुमी मंधात एकदा जादा रक्कम भरली होती, त्यानं बाकी लवकर उतरली. दोन वर्सं फुकटचा हप्ता भरला तुमी. काहून नाई मागतलं?"

मी म्हणालो, कामाच्या व्यापात राहून गेलं. मिस्त्री सर समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझी लाज राखायची असली, की ते असंच कुठेतरी बघत.

मार्चमध्ये मूल्यांकन करणारा तरुण इंजिनिअर आला. आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे. माझ्याकडे चहा घेताना तो शोकेस, फळ्या, देवघर, सगळं लिहून घेत होता. पंधरा दिवसांनी मला पत्र आलं: हमी विमा रद्द. त्याच टपालात त्यांनाही आलं: बाजारभाव उतरल्याने व घराचे आतील काम अपूर्ण असल्याने घराची किंमत कमी भरते, बाकी एक-पंचमांशाहून जास्त ठरते, सबब अर्ज नामंजूर.

एकच नकाशा, एकच ठेकेदार, एकच भिंत. ज्याने कागद कधी वाचला नाही, तो सुटला. ज्याने पाठ केला, तो अडकला. आणि अडकला ते खिळे न मारल्यामुळे. आतलं काम अपूर्ण म्हणजे भिंतीत कपाट नाही, फळी नाही, खुंटी नाही. भरवसा दाखवा मग खिळा मारतो, असं ते म्हणत होते, आणि संस्था म्हणत होती, खिळा मारलेला दाखवा मग भरवसा ठेवतो.

मी माझं पत्र विम्याच्या धड्याच्या पानांत लपवलं आणि चार दिवस तोंड चुकवत फिरलो. पाचव्या दिवशी सर शिऱ्याची वाटी घेऊन आले. "मुबारक हो. तुमचं सुटलं, लय बरं झालं." माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी कंपाउंडवरून भाभींना सांगितलं होतं. त्यांना चार दिवस ठाऊक होतं आणि त्यांनी मला शाळेत एका शब्दाने विचारलं नव्हतं. इतकी स्वतःची चीड मला कधी आली नाही, आणि मी वाटी चाटूनपुसून परत दिली, कारण भाभींचा शिरा तसाच असतो.

"सर, सुट्टीत कपाटं करून घ्या," मी म्हणालो. "जूनपर्यंत दुसरा अर्ज करता येतो. हट्ट सोडा."

"हट नाई हा. जबान हाय," ते म्हणाले आणि गेले.

पण ती कोंडी मी फोडली नाही, भाभींनी फोडली. एप्रिलमध्ये एका दुपारी सर पेपर तपासायला शाळेत होते. भाभी आमच्याकडे आल्या आणि हातोडी मागून घेऊन गेल्या. संध्याकाळी पलीकडून काही आवाज येईना, म्हणून मी डोकावलो. मधल्या खोलीत भिंतीवर आरसा टांगलेला होता. थोडा तिरका. खिळा तर इतका वाकडा की त्यापुढे माझं काम बरं म्हणावं. सर त्याच्यासमोर उभे होते. भाभी दारात.

"कोनं मारला?" त्यांनी विचारलं.

"म्या. संस्थेचा भरवसा पाह्यजे तुमाले," भाभी म्हणाल्या, "तीस वर्सं म्या ठेवला, त्याचं का झालं? मले एक खिया नाई भेटला."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मला वाटलं, आता ते तो खिळा उपटतील. त्यांनी आरसा जरा सरळ केला आणि मला म्हणाले, "प्रोफेसर साहेब, उद्या सकायी या. फल्ल्या धराले मानूस लागन."

मे महिना आम्ही त्या घरात घालवला. मी फळ्या धरल्या. बहुतेक उलट्या. सरांनी परतवाड्याहून सागवान आणवलं आणि अशी कपाटं केली, की दार लावताना फक्त हवा हलल्यासारखा आवाज येई. फळ्या, खुंट्या, भाभींच्या मशीनला घडीचं टेबल. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दिवसभर गुडघ्यांवर, आणि मध्येच गुणगुणायचा. मी त्यांना शाळेत कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. फक्त तो वाकडा खिळा त्यांनी तसाच राहू दिला आणि त्याच्याभोवती आरशाची चौकट बसवली.

जूनच्या सुरुवातीला दुसरा अर्ज गेला. तोच इंजिनिअर आला. कपाटं उघडून मिटून बघत बराच वेळ थांबला आणि जाताना विचारू लागला, की असं काम माझ्या ताईच्या घरी कराल का. सर म्हणाले, आधी कागद येऊ द्या.

कागद येईना. निरोप समारंभ होऊन गेला, शाल-श्रीफळ झालं, मी भाषण केलं आणि ते लांबलं. नोकरीचे तीन दिवस उरले असताना संध्याकाळी सर बंद पाकीट घेऊन माझ्या दारात आले.

"आलं. चला आमच्याकडं. तुमी लेहलं, तुमीच वाचा. तिच्यासमोर वाचा."

भाभी कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. सर खुर्चीवर बसले, खुर्ची न उलटता. मी पाकीट फोडलं. पत्र दोन ओळींचं होतं. 'आपल्या विनंती अर्जास अनुसरून आपल्या कर्जखात्यावरील हमी विमा चालू महिन्यापासून रद्द करण्यात येत आहे. कळावे.'

मी वाचून थांबलो. भाभींनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. सर मात्र तसेच बसून होते, मान थोडी पुढे, अजून काही यायचं आहे अशा चेहऱ्याने. मला तेव्हा कळलं, की हा माणूस इतकी वर्षं विमा सुटायची वाट बघत नव्हताच. त्याला कोणीतरी एक वाक्य म्हणायला हवं होतं. ते त्या पत्रात नव्हतं. संस्था असली वाक्यं लिहीत नाहीत. संस्थेसाठी तो एक बंद झालेला हप्ता होता, एवढंच.

आयुष्यभर मी पुस्तकाबाहेरचं एक अक्षर शिकवलं नाही. पण माझं तोंड आपोआप पुढे वाचू लागलं. "आपली इतक्या वर्षांची सचोटी पाहता, संस्थेचा आपल्यावर पूर्ण भरवसा आहे."

सरांना मराठी माझ्याहून बरं वाचता येत होतं, आणि पत्र माझ्या हातातून घ्यायला ते हात लांब करतील, म्हणून मी घाबरून गेलो होतो. त्यांनी हात लांब केला नाही. ते भाभींकडे बघत होते.

"तिले नीट आयकू नाई आलं," ते हळूच म्हणाले. "प्रोफेसर साहेब, ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा."

भाभी माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि ते वाक्य पुन्हा, शब्दाला शब्द, वाचलं. कागदावर त्या जागी नुसता निळा गोल शिक्का होता.